अमर्याद म्हणजे किती?

शब्दाला अर्थ असतो आणि तो पाळावयाचा असतो, असे आम्ही वर्गात शिकवितो. बाजाराने मात्र ‘अमर्याद’ या शब्दाची पुरती दशा केली आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने सेवा सुरू केली, प्रथम कित्येक महिने ती फुकट दिली आणि घरोघरी सवय लावली. पुढे ५जी आले. २३९ रुपयांच्या योजनेतही ते अमर्याद होते. ३ जुलै २०२४ पासून तीच योजना २९९ रुपयांची झाली, आणि अमर्याद ५जी रोज २ जीबी वा अधिक देणाऱ्या महाग योजनांपुरते उरले. एअरटेलनेही तोच मार्ग धरला.

मनोरे उभारावयास पैसा लागतो. धंद्याने नफा पाहू नये, असे आमचे म्हणणे नाही. परंतु बरकतपुऱ्यात ज्या घरी एकाच फोनवर दोन भावंडांचा अभ्यास चालतो, तेथे थोरल्याने दीड जीबी संपविली की धाकट्याचा पाठ राहतो. हा दोष त्या मुलाचा खचित नव्हे.

तेव्हा कंपन्यांनी मर्यादा ठळक अक्षरांत सांगावी. आणि आम्हां शिक्षकांनी फोनवर धाडलेला गृहपाठ फळ्यावरही लिहावा. फळ्याला अद्याप मर्यादा पडलेली नाही.