दत्तक आणि वयाची सबब

डिसेंबर १८५३ मध्ये नागपूरकर तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले. घराण्याने घेतलेला दत्तक डलहौसीने मानला नाही आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. त्या राज्याबरोबर छत्तीसगड, आणि ज्या रायपुरात बसून आम्ही हे लिहीत आहोत ते रायपूरही, कंपनी सरकारच्या हाती गेले. या अन्यायाचा विषय निघाला की येथील मराठी मंडळी आजही तावातावाने बोलतात. पण शेजारच्या घरात दत्तक येणार असे कळले, की त्याच मंडळींच्या अंगात डलहौसी संचारतो.

आमच्या परिचयाचे एक अधिकारी दांपत्य ओडिशातील एका संस्थेतून आठ वर्षांची मुलगी दत्तक घेण्याच्या तयारीत आहे. दोघेही कामापुरती ओडिया शिकत आहेत. शाळेत भेटून आले, घरातील एक खोली मोकळी केली. हे ऐकून आमच्या मंडळींनी काय करावे? चहाच्या पेल्यावर आणि हळदीकुंकवाच्या तबकापाशी एकच सूर निघाला : दत्तकाला आमची हरकत नाही हो, पण इतके मोठे मूल? आणि तेही परमुलखातले? हे दुसऱ्यांच्या माथी मारून आम्ही नामानिराळे राहणार नाही. थोडे थांबला असता तर तान्हे मिळाले असते, असे आम्हीही त्या गृहस्थांना सुनावले होते. त्यांनी शांतपणे विचारले, "आणि तोवर हिने काय करावे?" आम्हाला उत्तर सुचले नाही. म्हणूनच हा लेख.

पहिला आक्षेप असा, की मोठे मूल रुळत नाही. हा आक्षेप बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्यांनी घ्यावा हे नवलच! दहा वर्षांचा मुलगा नाशिकच्या शाळेतून काढून आपणच रायपुरात आणतो. दिवाळीपर्यंत तो हिंदीत भांडू लागतो, हे आपण कौतुकाने सांगतो. त्याचा हात आईबापांच्या हातात असतो, हा फरक खरा. पण त्या मुलीला आपण देऊ करतो तो हातच ना?

धर्मशास्त्राचा आधार हवा असेल तर तोही घ्यावा. पाच वर्षांवरील मूल दत्तक घेऊ नये, या मतासाठी कालिकापुराणातील वचन पुढे करतात. सतराव्या शतकात 'व्यवहारमयूख' लिहिणाऱ्या नीलकंठ भट्टांनी ते वचन विश्वासार्ह मानले नाही. दोन-तीन पोथ्यांत ते सापडतच नाही, असे त्यांनी नोंदवले. विवाहित व पुत्रवान पुरुषही दत्तक होऊ शकतो, इथवर ते गेले. हे भट्ट घराणे मूळचे पैठणचे, काशीस स्थायिक झालेले. म्हणजे आपल्यासारखेच परमुलखातले मराठी. इतिहासही हेच सांगतो. कवळाण्याचे गोपाळराव १८७५ मध्ये बाराव्या वर्षी बडोद्यास दत्तक गेले. रीतसर शिक्षण तेथे सुरू झाले आणि ते सयाजीराव झाले. कागलकर घाटग्यांचे यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले तेव्हा दहाव्या वर्षात होते. ते शाहू महाराज. राज्य सांभाळायला जे वय चालले, ते आपल्या तीन खोल्यांच्या सरकारी बंगल्यात चालू नये काय?

यावर उत्तर येते, की ती मुले कुळातली, नात्यागोत्यातली होती. येथे रक्ताचा पत्ता नाही. म्हणजे हरकत वयाची नव्हती, रक्ताची होती; वय ही केवळ सबब. रक्ताच्या प्रश्नाला उत्तर जोतीराव आणि सावित्रीबाईंनी कधीच देऊन ठेवले आहे. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी आपला म्हणून वाढवला. तो यशवंत डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई त्याच्याच दवाखान्यात रुग्णसेवा करीत निवर्तल्या. फुल्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्यांनी रक्ताची चौकशी करू नये.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे : मोठ्या मुलाला मागचे आठवते. आठवणारच. ती मुलगी रात्री दचकून उठेल, ताटातली पोळी उशीखाली लपवील, 'आई' म्हणायला वर्ष लावील. पण तयारी म्हणतात ती याचसाठी. तिचे नाव बदलू नये, तिची भाषा हसण्यावारी नेऊ नये, मागच्या मैत्रिणींची आठवण काढली तर गप्प करू नये. पाच वर्षांवरील मुलाची संमती घ्यावी असा नियम आहे. म्हणजे तीही या घराला निवडते. पुढे दोन वर्षे समाजसेविका चौकशीला येते, ती चुगलीसाठी नव्हे, मदतीसाठी.

आता परदेशाविषयी. आपली मुले गोऱ्या साहेबांच्या घरी जातात म्हणून आपल्यापैकी कित्येकांना हळहळ वाटते. नियम असा, की मूल आधी देशातील कुटुंबांपुढे ठेवायचे. त्यांनी घेतले नाही तरच ते परदेशी कुटुंबाकडे जाऊ शकते. २०२४-२५ मध्ये ४,५१५ दत्तकविधाने झाली, त्यांपैकी ४,१५५ देशात. उरलेली मुले परदेशी गेली. अशांत वयाने मोठी आणि आजारी वा अपंग मुले ठळकपणे असतात. आपल्याकडे हजारो दांपत्ये तान्ह्या मुलासाठी वर्षानुवर्षे रांगेत उभी राहतात, आणि आठ वर्षांची मुलगी रांगेविना थांबून राहते. ती परदेशी गेली तर दोष तिला नेणाऱ्यांचा नव्हे, न नेणाऱ्यांचा आहे.

२०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून निघतो. म्हणजे वाचकांपैकी काहींच्या सहीनेच ही मुले घरी जातात. ज्यांच्या लेखणीत हा अधिकार आहे, त्यांच्या दिवाणखान्यात तरी 'परके मूल' हा शब्द उच्चारला जाऊ नये. त्या दांपत्याचे 'उपकार' म्हणून कौतुकही करू नये. मुलीच्या कानी तो शब्द पडणे शिवीहून वाईट. इतर मुलांना बोलावतो तसे तिला वाढदिवसाला बोलवावे, दंगा केला तर तसेच रागे भरावे. आमची मागणी एवढीच आहे, आणि ती आम्ही प्रथम स्वतःकडे केली आहे.