दहा पॉइंटांचा परिच्छेद

उपयोजित कलेच्या महाविद्यालयांत वर्षअखेरीची प्रदर्शनं लागली की मी भिंतींपेक्षा टेबलांपाशी जास्त रेंगाळतो. भिंतींवर पोस्टरं असतात, आणि गेली काही वर्षं त्यांतलं मराठी फारच देखणं झालं आहे. एखादा ‘ळ’ माणसाच्या उंचीचा, एखादा ‘क्ष’ बोरूच्या फटकाऱ्यात असा उभा की पाहत राहावं. टेबलांवर पुस्तिका, कॅलेंडरं, खोक्यांच्या डमी, फाँटांचे नमुने मांडलेले असतात. तिथे मात्र मराठी मुखपृष्ठापाशीच थांबतं. शीर्षक मराठीत, पान उलटलं की आत इंग्रजी. किंवा त्याहून वाईट म्हणजे कुठून तरी उचललेला, कोणीच न वाचलेला भरताडाचा मजकूर, चौकोन भरण्यापुरता.

आपण मुलांना अक्षर काढायला उत्तम शिकवतो आणि मजकूर लावायला शिकवतच नाही, ही माझी तक्रार आहे. ज्याला मराठीत ग्राफिक डिझायनर व्हायचं आहे त्याची पहिली परीक्षा दहा पॉइंटांत लावलेल्या परिच्छेदाची असायला हवी. पोस्टर त्यानंतर.

या दहा पॉइंटांत काय होतं ते जरा जवळून बघू. रोमन अक्षरं आधाररेषेवर बसतात, देवनागरी शिरोरेषेला लटकते. शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार; खाली उकार, ऋकार आणि उभी जोडाक्षरं. या सगळ्यांना जागा द्यायची म्हणून त्याच पॉइंटात देवनागरीचा मुख्य देह रोमनपेक्षा लहान दिसतो. सॉफ्टवेअर आपणहून ओळींमधलं अंतर ठेवतं ते टाइपाच्या एकशेवीस टक्के, म्हणजे दहावर बारा. रोमनला ते चालतं. मराठीत वरच्या ओळीतल्या ‘शुद्ध’चा उकार खालच्या ओळीतल्या ‘कीर्ती’च्या रफारात जाऊन अडकतो. विद्यार्थी अंतर वाढवतो, तर परिच्छेद सैल पडतो आणि पान करडं न दिसता पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं. मग फाँट बदलून पाहायचा, ओळीची लांबी कमी करून पाहायची, पुन्हा छापायचं, पुन्हा पाहायचं. हे करता करता टायपोग्राफी शिकून होते. पोस्टरवरच्या एकाच मोठ्या अक्षराला वरखाली कोणी शेजारी नसतो, म्हणून ते कितीही सुंदर काढलं तरी यातलं काहीच शिकवू शकत नाही.

दुसरी गोष्ट शाईची. घ आणि ध, भ आणि म यांच्यातला फरक लहान टाइपात एका गाठीचा किंवा तुटक्या रेषेचा असतो. वर्तमानपत्री कागदावर शाई पसरते, ती गाठ बुजते, आणि वाचणारा अडखळतो. पडद्यावर चारशे टक्के मोठं करून पाहणाऱ्याला हे कधीच कळत नाही. म्हणून वर्गातलं काम छापूनच तपासलं पाहिजे, आणि तेही महाग आर्ट पेपरवर नको. साध्या मॅपलिथो कागदावर आणि एकदा तरी न्यूजप्रिंटवर छापावं. प्रदर्शनासाठी मुलं तीनशे जीएसएमच्या कागदावर डिजिटल प्रिंट काढतात. तिथे सगळंच छान दिसतं.

तिसरी गोष्ट अगदी साधी, आणि तिथेच सर्वात जास्त कामं फसतात. पान लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा वेगळा कंपोझर निवडला नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला बसते आणि जोडाक्षरं सुटी होऊन पाय मोडलेली दिसतात. ज्याला मराठी वाचता येतं त्याला हे पहिल्या ओळीत खटकायला हवं. तरीही अशी पानं प्रदर्शनापर्यंत पोचतात, कारण मजकूर कोणी वाचलेलाच नसतो. फाँट निवडताना मी मुलांना एक जोडी लिहून बघायला सांगतो: दर्या आणि दऱ्या. एकीकडे समुद्र, दुसरीकडे डोंगरातल्या खोल जागा. ज्या फाँटात दुसऱ्या शब्दातला र नीट येत नाही तो मराठी मजकुराच्या कामाचा नाही, त्याची वळणं कितीही मोहक असोत. तसंच ल आणि श यांचं. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२२च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही रूपं सांगितली आहेत. काही फाँटांत मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली तरच आपलं वळण उमटतं. हे दोन मिनिटांचं काम आहे. अभ्यासक्रमात त्याला दोन मिनिटं मिळावीत.

बारीक मजकूर नेटका छापण्याचा हा हट्ट आजचा नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१मध्ये शिळाछापावर पंचांग छापलं. पुढे जावजी दादाजींनी १८६९मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, तोवर ते छपाईच्या खिळ्यांच्या धंद्यात मुरलेले होते. लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायच्या कामापासून त्यांची सुरुवात झाली होती. निर्णयसागरची संस्कृत पुस्तकं उघडली तर बारीक टाइपातल्या टीका आणि त्याहून बारीक टाइपातल्या तळटीपा आजही डोळ्यांना त्रास न देता वाचता येतात. त्या काळी देवनागरीच्या केसमध्ये शेकडो खिळे असत आणि प्रत्येक जोडाक्षराचा निर्णय कोणी तरी हाताने घेतलेला असे. पुढे यंत्रं आली तेव्हा तो पसारा जड वाटू लागला. सावरकरांनी अ ची बाराखडी सुचवली, इ-उ ऐवजी अ ला वेलांटी आणि उकार लावायचे, म्हणजे खिळे कमी लागतील. ‘किर्लोस्कर’सारख्या मासिकांनी ती बरीच वर्षं वापरलीही. त्या खटाटोपामागचा हेतू मला समजतो, पण तेव्हा यंत्रासाठी लिपी कापायची वेळ आली होती. आज यंत्र लिपीला हवं ते सगळं देऊ शकतं. बापूराव नाईकांनी १९७१मध्ये देवनागरी टायपोग्राफीवर तीन खंड लिहून ठेवले. र. कृ. जोशींनी पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात पिढ्या घडवल्या, आणि विंडोजमधला ‘मंगल’ फाँट त्यांच्याच हातचा. ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ कोणालाही फुकट वापरता येतो आणि तो मजकुरात नेटका बसतो. साधनं नाहीत ही सबब आता उरलेली नाही.

यंदा एका प्रदर्शनात एक टेबल मला हवं तसं सापडलं. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने प्रकल्पासाठी पंचांगाचं पान घेतलं होतं, फक्त एका महिन्याचं. तिच्या शेजारी कॉफीच्या ब्रँडची खोकी होती, तिथे गर्दी होती. पंचांगाचं पान म्हणजे मराठी छपाईतली सर्वात दाट वस्ती. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण, त्यांच्या समाप्तीच्या वेळा, सूर्योदय, सण, संक्षेप, आणि हे सगळं तळहाताएवढ्या जागेत.

तिने शेजारी तिच्या प्रुफांची चळत ठेवली होती, आणि ती चळत मला अंतिम पानापेक्षाही मोलाची वाटली. पहिल्या प्रुफात वेळा एकाखाली एक येत नव्हत्या. देवनागरी आकड्यांची रुंदी सारखी नसते. १ अरुंद, ५ आणि ६ रुंद. तिने निवडलेल्या फाँटात सारख्या रुंदीचे आकडे नव्हते. फाँट बदलून तिने पुन्हा सगळी पट्टी लावली. दुसऱ्या प्रुफात तिने नक्षत्रांचा एक स्तंभ आणि समाप्तीच्या वेळांचा वेगळा स्तंभ केला होता. दिसायला फार स्वच्छ. ते पान ती एका गुरुजींकडे घेऊन गेली, रोज पंचांग पाहून मुहूर्त सांगणाऱ्या. त्यांनी बोट ठेवून वाचलं आणि सांगितलं, नाव इथे आणि वेळ तिथे, मधे माझं बोट घसरतं. तिसऱ्या प्रुफात वेळ नक्षत्राच्या नावाला चिकटून, एक पॉइंट लहान टाइपात आली. स्तंभ कमी झाले, पान किंचित गजबजलं आणि वाचायला सोपं झालं. लाल रंग तिने सणांपुरताच ठेवला, एकादशीसाठी फक्त ठळक टाइप, कारण दोन रंगांत रजिस्टर, म्हणजे रंगांची जुळणी, थोडं जरी हललं तरी आठ पॉइंटांचं लाल अक्षर ओळीतून सरकलेलं दिसतं. हे तिला छापखान्यातल्या माणसाने सांगितलं. कागद पातळ असल्याने मागच्या पानाची शाई पुढे दिसत होती, तर तिने दोन्ही पानांच्या ओळी एकमेकींच्या पाठीवर येतील अशा बसवल्या.

मी त्या टेबलापाशी बराच वेळ उभा होतो. इतका विचार, इतकं वाचन, इतक्या माणसांशी बोलणं कॉफीच्या खोक्यासाठी लागत नाही. खोकं वाईट नव्हतं, पण त्यातला प्रश्न शंभर जणांनी आधीच सोडवलेला आहे. पंचांगातला तसा नाही.

शिक्षकांशी बोललं की एक उत्तर नेहमी मिळतं: नोकऱ्या इंग्रजी कामाच्या आहेत, एजन्सीत मराठी मजकूर भाषांतराच्या खात्यातून येतो आणि शेवटच्या क्षणी चिकटवला जातो. हे खरं आहे, आणि म्हणूनच मी आग्रह धरतो. महाराष्ट्रातल्या औषधांच्या सूचनापत्रांत, बँकांच्या अर्जांत, शाळांच्या प्रश्नपत्रिकांत, एसटीच्या वेळापत्रकांत मराठी वाचणाऱ्याला जे सोसावं लागतं ते त्या शेवटच्या क्षणी चिकटवल्यामुळेच. मधुमेहाच्या गोळीची मात्रा सांगणारी ओळ म्हाताऱ्या माणसाला वाचता येत नसेल, तर सुंदर ‘ळ’ त्याच्या काय उपयोगाचा? आणि आता सगळं पडद्यावर आहे, छपाई कशाला, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की फोनवरची ओळ दहा पॉइंटांच्या परिच्छेदाहून अरुंद असते. मराठीचे लांब शब्द तिथे आणखी अडचणीचे ठरतात. ज्याला कागदावर जमलं त्याला तिथेही जमेल.

मग वर्गात काय द्यावं? १९३५मध्ये मुंबईच्या सर जे. जे. स्कूलमध्ये व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला, आणि तेव्हापासून पोस्टर हा आपल्या अभ्यासक्रमाचा राजा आहे. त्याला हात लावू नका. त्याच्याजोडीला प्रत्येक विद्यार्थ्याला एक फर्मा द्या. सोळा पानं, एक रंग, खरा मराठी मजकूर, त्यानेच केलेलं मुद्रितशोधन, आणि ऑफसेटवर छपाई. आठ-दहा जणांनी मिळून प्लेटचा खर्च वाटून घेतला तर तो परवडण्याजोगा असतो. छापखान्यात जाऊन घडी पडताना पाहू द्या, सोळा पानं उलटीसुलटी का लावावी लागतात ते हातात कागद घेऊन कळू द्या.

मजकूर कुठून आणायचा हा प्रश्न दिवाळी अंकांनी सोडवावा असं मला वाटतं. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचकाने दाट मजकुरावर मनापासून प्रेम केलं आहे. आज शेकडो अंक निघतात आणि त्यांतल्या बहुतेकांची आतली पानं घाईत लागतात. संपादकांनी प्रत्येक अंकातला एक फर्मा जवळच्या कला महाविद्यालयाच्या एका वर्गाला द्यावा. एक दीर्घकथा, दोन कविता, एक मुलाखत. कवितेची ओळ कुठे मोडायची यावर कवी आणि विद्यार्थी यांच्यात वाद होऊ द्या. मुलाखतीत प्रश्न आणि उत्तर वेगळं कसं दाखवायचं ते मुलं ठरवतील. अंकांचा मजकूर जुलै-ऑगस्टमध्ये हातात यायला लागतो आणि महाविद्यालयांचं पहिलं सत्र तेव्हा नुकतंच सुरू झालेलं असतं, त्यामुळे वेळापत्रक जुळतं. श्रेयनामावलीत वर्गाचं नाव छापावं, आणि मानधन म्हणून प्रत्येक मुलाला अंकाच्या दोन प्रती द्याव्यात. एक त्याच्या घरी, एक पुढच्या वर्षीच्या टेबलासाठी. ज्या संपादकांना आणि शिक्षकांना हे करून बघायचं असेल त्यांनी या सदराच्या पत्त्यावर कळवावं. दोघांची गाठ घालून देण्याचं काम मी आनंदाने करीन.