अंगणातली होडी आणि आपली इतिहासदृष्टी

१/
जुनी, लाकडी, मासेमारीची होडी कोणी घरच्या अंगणात आणून दुरुस्त करू लागला की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला शेजाऱ्यांचा: एवढ्या पैशांत फायबरची नवी आली नसती का? दुसरा आपल्यासारख्या इतिहासप्रेमींचा: यात इतिहास कसला? पहिल्याचे उत्तर ज्याचे पैसे त्याने द्यावे. दुसरा प्रश्न मात्र आपल्या घरातला आहे, म्हणून आजचा हा लेखनप्रपंच.

२/
मित्रहो, आरमार हा आपला लाडका विषय. गुराब, गलबत, शिबाड, मचवा, पगार ही नावे आपल्याला तोंडपाठ असतात. पण यांतली एखादी नौका कोणी समोर उभी केली, तर तिचा पठाण कुठला, वाक कुठले आणि नाळ कुठे संपते, हे आपल्यापैकी किती जणांना दाखवता येईल? पठाण म्हणजे नौकेचा तळाचा कणा, वाक म्हणजे तिच्या फासळ्या, नाळ म्हणजे पुढचे टोक. कोकणातल्या कोणत्याही बंदरावरचा साठीचा तांडेल हे डोळे मिटून सांगेल.

३/
मराठा आरमारातील एकही नौका आज अखंड उरलेली नाही. तुळाजी आंग्र्यांचे आरमार फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या आश्रयाला असताना जळाले. आणि त्या मोहिमेत इंग्रजांना पेशव्यांची साथ होती, हे आपण जरा हळू आवाजात सांगतो. उरले ते कागद, काही चित्रे, आणि किनाऱ्यावरच्या सुतारांचे हात.

४/
या हातांनी अठराव्या शतकानंतर काय केले? राजाच्या नौका बांधण्याचे काम संपले, तेव्हा त्यांनी व्यापाऱ्यांच्या आणि मासेमारांच्या नौका बांधल्या. म्हणजे नौकाबांधणीची परंपरा दरबारात संपली आणि कोळीवाड्यांत, गाबीतवाड्यांत चालू राहिली. ज्याला आपण ‘साधी होडी’ म्हणून ओलांडून जातो, तीत त्या विद्येचा जिवंत धागा असतो. हे भावनेचे बोलणे नाही, याला पुरावा आहे. तो पुढील भागात.

५/
मे २०२५ मध्ये कारवार येथे भारतीय नौदलात ‘कौंडिण्य’ ही नौका दाखल झाली. अजिंठ्याच्या चित्रातील पाचव्या शतकातील जहाजावरून ती घडवली. आपण सर्वांनी तिची छायाचित्रे अभिमानाने फिरवली. तिच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. आता विचार करा. चित्रातून आकार मिळतो, पण टाका कसा घालावा हे चित्र सांगत नाही. शिवणकाम ठाऊक असलेले कारागीर केरळातून आले.

६/
त्यांना ते ठाऊक होते, कारण ही विद्या कधी पूर्णपणे थांबलीच नव्हती. पश्चिम किनाऱ्यावर अशा शिवलेल्या होड्या मासेमारांनी विसाव्या शतकातही वापरल्या. मालवणापासून गोव्यापर्यंत रापण ओढणाऱ्यांच्या होड्या याच कुळातल्या. पंधराशे वर्षांपूर्वीचे जहाज आपण उभे करू शकलो ते बांगड्यांच्या आणि तारल्यांच्या मागे जाणाऱ्या माणसांमुळे. त्यांचे आभार किती जणांनी मानले?

७/
‘होडी शंभर वर्षे जुनी तरी आहे का?’ हा पुढचा आक्षेप. हा नेमका कायद्याचा मापदंड आहे. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार सर्वसाधारण वस्तू किमान शंभर वर्षांची असेल तरच ती पुरावस्तू. हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षांची सवलत. दगड आणि धातू या परीक्षेत सहज उतरतात. खाऱ्या पाण्यात राबणारी लाकडी होडी मात्र काही दशकांतच थकते. परिणामी जी वस्तू किनाऱ्यावर सर्वाधिक वापरात होती, तीच कायद्याच्या नजरेस कधी पडत नाही. कायद्याने वयाची अट कोठेतरी घालावीच लागते, हे मान्य. पण इतिहासप्रेमी म्हणवणाऱ्याने आपली दृष्टी त्या अटीशी का बांधून घ्यावी?

८/
मग तोच जुना युक्तिवाद येतो: ‘दुरुस्तीत अर्ध्या फळ्या नव्या घातल्या, मग होडी जुनी कुठे राहिली?’ ग्रीकांच्या थेसियसच्या जहाजाचा दाखला लगेच पुढे केला जातो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात तो शोभतो. सुताराला मात्र तो प्रश्न पडत नाही, कारण फळी बदलणे हा होडीच्या आयुष्याचा नेम आहे, अपवाद नव्हे. ज्या होडीची एकही फळी कधी बदलली नाही, ती बहुधा फार वापरलीच गेली नाही.

९/
नॉर्डिक देशांनी हे ओळखले. डेन्मार्क, फिनलंड, आइसलंड, नॉर्वे आणि स्वीडन यांच्या संयुक्त प्रस्तावावरून युनेस्कोने डिसेंबर २०२१ मध्ये तेथील एकावर एक फळी चढवून होड्या बांधण्याच्या परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. नीट वाचा: यादीत होडी नाही, होडी बांधण्याची विद्या आहे.

१०/
आणि उलट उदाहरणही पाहा, कारण परदेशात सगळे शहाणे असतात असे नाही. १९९० च्या दशकात ब्रिटनने मासेमारी ताफा कमी करण्यासाठी बोटमालकांना पैसे देऊन परवाने परत घेतले. अट अशी की बोट मोडली पाहिजे. उत्तम स्थितीतल्या लाकडी बोटी यंत्रांनी चिरडल्या गेल्या. लोकांनी आवाज उठवला, पण तोवर पुष्कळ बोटी गेल्या होत्या. दुसरीकडे स्कॉटलंडमधील अ‍ॅन्स्ट्रदरच्या मत्स्यव्यवसाय संग्रहालयाने ‘रीपर’ ही विसाव्या शतकाच्या आरंभीची हेरिंग पकडणारी शिडाची बोट पुन्हा समुद्रात जाण्याजोगी केली.

११/
एक टोचणारी गोष्ट. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही तरंगते आहे. कोठे? इंग्लंडमधील हार्टलपूल येथे. तिची दुरुस्ती १९९० पासून सुमारे दहा वर्षे चालली. वाडियांच्या गोदीचे गुणगान करताना आपण हे अभिमानाने सांगतो. मला त्यात अभिमानाइतकीच शरमही दिसते.

१२/
आता अंगणातल्या होडीकडे. दुरुस्ती म्हणजे रंग नव्हे, हे आधी ठसवून घ्या. होडी हा कागद मानला, तर तिचे वाचन आधी आणि लेखणी नंतर. आणल्याबरोबर जो तासणी घेऊन जुने थर खरवडतो, तो दफ्तर उघडताच त्यावर पाणी ओतणारा माणूस.

१३/
काय वाचायचे? मधल्या आडव्या लाकडात डोलकाठी बसवायची खाच असेल आणि मागच्या उभ्या लाकडाला पंख्याच्या दांड्यासाठी पाडलेले भोकही असेल, तर ती होडी शिडावर जन्मली आणि इंजिनावर म्हातारी झाली. स्वातंत्र्योत्तर काळात कोकण किनाऱ्यावर झालेले यांत्रिकीकरण त्या दोन खुणांमध्ये आहे. इंजिन बसवताना कोणते वाक कापले, कोणते जाड केले, याच्याही खुणा राहतात. सरकारी अहवाल योजना किती चालल्या ते सांगतो. एका कुटुंबाने त्यासाठी आपल्या होडीचे काय काय कापले, हे फक्त होडीच सांगते.

१४/
लाकूडही बोलते. साग असेल तर मालकाची ऐपत, आंब्याचा एकसंध कोरलेला बुंधा असेल तर परसातले झाड. येथे एक अवांतर. आंबा-फणसाची झाडे आरमारासाठी रयतेच्या संमतीवाचून तोडू नयेत, ही प्रसिद्ध आज्ञा शिवाजी महाराजांच्या पत्रातील म्हणून सतत फिरवली जाते. ती रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातली आहे, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभीची. आशय थोर आहेच. म्हणूनच संदर्भ बिनचूक द्यावा.

१५/
आता शत्रू ओळखा. होडीला समुद्र कुजवतो असे आपल्याला वाटते. समुद्रात लाकूड पोखरणारा टेरेडो असतो हे खरे. तो दिसतो अळीसारखा, पण कुळाने शिंपल्याचा भाऊबंद. परंतु लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. तिला हवे असते पावसाचे गोडे पाणी. म्हणूनच अंगणात उघडी ठेवलेली होडी पाण्यातल्या होडीपेक्षा लवकर मरते. पूर्वी पावसाळ्यात होड्या वर ओढून माडाच्या झावळ्यांच्या झापांनी शाकारत, त्यामागे हे ज्ञान होते. पाश्चात्त्य जहाजांवर फासळ्यांच्या फटींत मीठ भरून ठेवण्याची चाल होती, तिचेही कारण हेच.

१६/
टेकू द्यायचे ते पठाणाच्या सबंध लांबीला. पाण्यात होडीचे वजन सर्वांगाने पेलले जाते. जमिनीवर दोन ओंडक्यांवर ठेवली तर ती महिन्या-दोन महिन्यांत वाकते, आणि वाकलेल्या आकारावर केलेली दुरुस्ती त्या वाकण्यालाच कायम करते. आधी आकार सरळ, मग मापे, मग छायाचित्रे, मग आरीचे टोक खुपसून कुजकी जागा शोधणे. करवत सर्वांत शेवटी.

१७/
कुजलेला भाग कापून नवा तुकडा जोडताना काप तिरपा घ्यावा लागतो, फळीच्या जाडीच्या किमान आठपट लांब. शेजारच्या फळीवरचा सांधा त्याच जागी येऊ द्यायचा नाही. लोखंडी खिळा गंजला की भोवतालचे लाकूडही काळे आणि भुसभुशीत होते; तेवढे लाकूड काढल्याशिवाय नवा खिळा धरत नाही. तांबे आणि लोखंड शेजारी ठोकले तर खाऱ्या पाण्यात लोखंड खाल्ले जाते. यातले काहीही गूढ नाही. पण हे पुस्तकात वाचून हाताला येत नाही, मिस्त्रीच्या शेजारी बसावे लागते.

१८/
सर्वांत मोठी चूक उत्साही माणूस करतो. उन्हाळ्यात फळ्या आकसतात, फटी उघडतात, उजेड दिसतो. मग तो त्या फटींत कडक इपॉक्सी भरतो, आणि वर फायबरचा थर चढवून निर्धास्त होतो. होडी पाण्यात गेली की लाकूड फुगते. फुगायला जागा नसते. खिळे उपटतात, वाक सुटतात. थराआड अडकलेले पाणी लाकूड आतून कुजवत राहते, आणि बाहेरून होडी चकचकीत दिसते. जुन्या लोकांनी फटींत कापूस आणि राळ-तेलाचा लगदा भरला, तो नरम राहावा म्हणूनच. होडी उतरवण्याआधी काही दिवस ओली पोती टाकून तिला भिजवत, आणि पहिले एक-दोन दिवस ती गळली तरी घाबरत नसत. गळणे हा तिच्या जागे होण्याचा भाग होता.

१९/
आता तिसरी जमात: ‘वारसा जपणारे’ उपाहारगृहवाले. होडी मधोमध कापून भिंतीला उभी लावायची, वाकांच्या जागी फळ्या ठोकून बाटल्या मांडायच्या, वर काचेसारखे वार्निश. ही सजावट आहे, आणि सजावट करण्याचा हक्क मालकाला आहे. पण कृपा करून तिला जतन म्हणू नका. देवळाच्या खांबाचा कोणी दिवाणखान्यात दिवा केला, तर आपण किती संतापतो! येथे मात्र आपण त्याच होडीजवळ उभे राहून छायाचित्र काढतो.

२०/
आणि एक स्पष्ट सांगतो: फायबरची होडी घेणाऱ्या मासेमारावर माझा रोष नाही. ती हलकी असते, तिला दरवर्षी तेल लागत नाही, किडा लागत नाही. ज्याचे पोट समुद्रावर आहे त्याने आपल्या स्मृतिरंजनासाठी जड होडी ओढावी, अशी अपेक्षा ठेवणारा शहरी माणूस मला अधिक असह्य वाटतो. जपणुकीचा खर्च त्याच्या माथी मारू नका. तो आपला आहे.

२१/
फ्रेंच नौदलातील पारी या अधिकाऱ्याने १८४० च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आपल्या फत्तेमारीचे आराखडे मापांसह आहेत. १९२० मध्ये जेम्स हॉर्नेल यांनी भारतीय होड्यांच्या घडणीवर दीर्घ प्रबंध लिहिला. उलांडीच्या होडीचे नाते आग्नेय आशियाशी व पॅसिफिकशी असावे, हा त्यांचा तर्क आजही चर्चेत असतो. दोघेही परके. त्यांच्या मतांशी भांडू या, जरूर भांडू या. पण भांडायला आपल्याजवळ आपली मापे हवीत.

२२/
पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर आलेल्या असतात, तांडेल घरी असतात, आणि बोलायला वेळ असतो. गडाच्या वाटेवर जाताना एक दिवस बंदरावर थांबा. मोजपट्टी, वही, आणि विचारण्याची लाज नसलेली जीभ एवढे पुरे. पठाणाची लांबी, वाकांची संख्या, दोन वाकांमधले अंतर, लाकूड, खिळे, आणि प्रत्येक भागाचे त्या गावातले नाव लिहून आणा. अंगणात कोणी होडी उघडून बसला असेल तर आधी त्याच्याकडे जा. उघडलेली होडी रोज पाहायला मिळत नाही.

२३/
नावे जशी ऐकाल तशीच लिहा, ‘शुद्ध’ करू नका. वेंगुर्ल्याचा शब्द सातपाटीत वेगळा निघाला तर दोन्ही ठेवा. पुढील भागात रापणीची शिवलेली होडी, टाका टाका उलगडून.