उसाच्या ट्रॉल्या : तपासणी कोणी करावयाची?

डिसेंबर-जानेवारीतील कोणत्याही संध्याकाळी कोरेगाव भीमा येथे पुणे-अहिल्यानगर रस्त्याच्या कडेला अर्धा तास उभे राहिले, म्हणजे या लेखाचा विषय वेगळा सांगावा लागत नाही. सणसवाडी, शिक्रापूर आणि रांजणगावच्या औद्योगिक पट्ट्यातील पाळी सुटलेली असते. दुचाकींचा लोंढा पुण्याच्या बाजूने वाहत असतो, कंटेनर आणि कामगारांच्या बसगाड्या त्यातून वाट काढीत असतात. आणि या साऱ्याच्या मध्ये, ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या गतीने, एक ट्रॅक्टर मागे दोन ट्रॉल्या घेऊन चाललेला असतो. ऊस ट्रॉलीच्या फळ्यांवर दोन पुरुष उंच रचलेला असतो, दोन्ही अंगांना हात-दीड हात बाहेर लोंबत असतो. मागील दिवा बहुधा नसतोच; असला तर तो उसाच्या मोळ्यांआड झाकलेला असतो. समोरून येणाऱ्या वाहनाच्या प्रकाशाने डोळे दिपलेल्या दुचाकीस्वाराला ही ट्रॉली दिसते ती अगदी चार-सहा हातांवर आल्यावर.

गेल्या हंगामात माझ्या वर्गातील एक विद्यार्थी असाच एका उभ्या ट्रॉलीवर आदळला. टायर फुटल्याने ट्रॉली रस्त्यातच सोडून चालक ट्रॅक्टरसह पुढे गेला होता आणि सूचना म्हणून मागे चार दगड ठेवले होते. मुलगा वाचला, परंतु उजवा हात पूर्ववत झालेला नाही. पुढे भरपाईचा प्रश्न निघाला तेव्हा असे आढळले की, ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता होता आणि ट्रॉलीची नोंदणीच झालेली नव्हती. म्हणजे ज्या वस्तूवर तो आदळला ती वस्तू कायद्याच्या दृष्टीने जणू रस्त्यावर नव्हतीच. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने त्याविषयी अधिक लिहिणे उचित नाही. परंतु नोंद नसलेले वाहन रस्त्यावर सहा महिने राजरोस कसे फिरते, हा प्रश्न एका विद्यार्थ्यापुरता नाही.

कायदा मुका आहे, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. आपण जिला ट्रॉली म्हणतो तिला १९८८ चा मोटार वाहन कायदा 'ट्रेलर' म्हणतो, आणि मोटार वाहनाच्या व्याख्येतच तिचा समावेश करतो. इंजिन नसले तरी ट्रॉली हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे. तिला स्वतंत्र नोंदणी हवी. मालवाहू वाहनाला योग्यता प्रमाणपत्र नसेल तर त्याची नोंदणीही वैध मानली जात नाही, असे त्याच कायद्याचे ५६ वे कलम सांगते. ११३ वे कलम वजनाची मर्यादा पाळण्यास लावते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनासाठी वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये असा दंड १९४ व्या कलमात आहे. माल वाहनाच्या अंगाबाहेर लोंबत असेल तर वीस हजारांचा दंड निराळा. इतक्या कडक तरतुदी असताना ट्रॉल्यांचे हे दृश्य वर्षानुवर्षे तसेच राहते याचे कारण तरतुदींच्या अभावात नाही, तर एका व्याख्येत आहे.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी शेतीचा ट्रॅक्टर हे 'वाहतूक वाहन नव्हे' असे ठरविले आहे. हेतू रास्तच होता. शेतकऱ्याने आपले धान्य बाजार समितीत न्यावे, खताची पोती घरी आणावीत, यासाठी त्याला मालमोटारीच्या मालकाप्रमाणे परवाने आणि दरवर्षीची तपासणी यांच्या चक्रात अडकवू नये, ही भूमिका कोणीही मान्य करील. परंतु आजचा ऊस वाहणारा ट्रॅक्टर हा त्या व्याख्येतील ट्रॅक्टर राहिलेला आहे काय? तो दुसऱ्याच्या शेतातील ऊस वाहतो, टनावर आणि अंतरावर ठरलेल्या भाड्याने वाहतो, कारखान्याशी केलेल्या लेखी कराराने वाहतो आणि हंगामाचे चार-पाच महिने दुसरे काही करीत नाही. हा वाहतुकीचा धंदा आहे. त्याला फक्त शेतीचा सदरा घातलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कर्नाटकातील एका प्रकरणात माल वाहणारा ट्रॅक्टर-ट्रेलर हे मालवाहू वाहनच होय, असा निर्वाळा दिलेला आहे. तो निर्वाळा कायद्याच्या पुस्तकांत आहे. कारखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचलेला नाही.

यंत्रशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर या जोडणीतला धोका शाळकरी मुलालाही समजण्यासारखा आहे. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन-अडीच टन. मागे दोन ट्रॉल्यांत मिळून वीस टनांच्या घरात ऊस. नेहमीच्या ट्रॅक्टरला ब्रेक असतो तो केवळ मागच्या दोन चाकांना. ट्रॉल्यांना तर बहुधा नसतोच. उतारावर चालकाने ब्रेक दाबला की, मागचे वीस टन पुढच्या दोन टनांना ढकलीत राहतात. जोडणी ट्रॅक्टरच्या मागे काटकोनात वळते आणि ट्रॅक्टर उलटतो. चढावर याच्या उलट घडते : पुढची चाके हलकी होऊन सुकाणू हातात राहत नाही. दोन ट्रॉल्यांना जोडणारी कडी एका पिनेवर असते. ती निसटली तर मागची ट्रॉली थांबविणारे काहीही नसते. पूरक साखळी लावण्याचा प्रघात आपल्याकडे क्वचितच दिसतो. यातील पहिला बळी पुष्कळदा ट्रॅक्टरचालकच असतो, हे रस्त्यावर त्याच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

इंग्लंडात सुटीच्या दिवशी आपली छोटी होडी मोटारीमागे ओढून समुद्रावर नेणारा हौशी माणूस असतो. त्याच्या ट्रेलरचे भारासह वजन ७५० किलोच्या वर गेले की त्याला ब्रेक हवेतच; त्याहून हलक्या ट्रेलरला ब्रेक नसतील तर जोडणी तुटल्यास तो रस्त्यावर मोकाट सुटू नये म्हणून दुसरी साखळी हवी. २०१४ मध्ये ब्रिस्टल येथे मोटारीपासून सुटलेल्या एका ट्रेलरखाली तीन वर्षांचे मूल मरण पावले. त्यानंतर जी चळवळ झाली तिचा परिणाम असा की, २०१८ च्या एका कायद्याने ट्रेलरच्या अपघातांची कारणे आणि तपासणीची आवश्यकता यांविषयी अहवाल सादर करण्याचे बंधन तेथील मंत्र्यांवर आले. तेथे पाऊण टनाच्या हौशी ट्रेलरला जी पूरक साखळी आवश्यक ठरते, ती आपल्याकडे दहा टनांच्या ट्रॉलीला अनावश्यक वाटते. आपण त्यांचे नियम उचलून आणावेत असे नव्हे. आपले स्वतःचेही पुरेसे आहेत.

मग ते पाळले का जात नाहीत? येथे अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये ठरविला. हा दर कारखान्याच्या फाटकावर पोहोचलेल्या उसाचा. महाराष्ट्रात तोडणी आणि वाहतूक कारखाना करवून घेतो आणि तो खर्च शेतकऱ्याच्या बिलातून वजा होतो. वाहतूकदाराला भाडे टनावर मिळते. त्याने हंगामापूर्वी कारखान्याकडून उचल घेतलेली असते, तीतून टोळीच्या मुकादमाला उचल दिलेली असते, ट्रॅक्टरचे हप्ते असतात. कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत ट्रॅक्टर तासन्‌तास, क्वचित दिवसभर उभा राहतो. त्या वेळेचे त्याला काहीही मिळत नाही. शिवाय तोडलेला ऊस वाळत जातो आणि वजन घटते. अशा स्थितीत एका खेपेत जास्तीत जास्त टन नेणे हाच त्याच्या तोट्यावरील एकमेव उपाय उरतो. त्याला बेफिकीर म्हणणे सोपे आहे. परंतु त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तिसरा थर रचला असता.

त्यात गेल्या काही वर्षांत अंतरे वाढली. थेऊरचा यशवंत कारखाना २०११ मध्ये बंद पडला. न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना अलीकडच्या काही हंगामांत बंद राहिला. पाटसचा भीमा कारखाना मध्यंतरी काही हंगाम बंद होता, तो २०२२ मध्ये भाडेतत्त्वावर पुन्हा सुरू झाला. सहकारी कारखान्यांच्या दुरवस्थेची चर्चा आपण सभासदांची थकबाकी आणि कामगारांचे पगार यांपुरतीच करतो. पण गावाजवळचा कारखाना बंद पडला म्हणजे त्याच्या कार्यक्षेत्रातील ऊस दुसऱ्या कारखान्याकडे जातो आणि जो ट्रॅक्टर पूर्वी शिवाररस्त्याने सात-आठ किलोमीटर जात असे तो आता महामार्गावर चढतो. शिरूर-दौंडच्या पट्ट्यात एका बाजूला औद्योगिक वसाहतींमुळे वाढलेली वाहतूक आणि दुसऱ्या बाजूला लांबलेली उसाची वाहतूक एकाच रस्त्यावर येऊन मिळाली आहे.

पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात आगगाडीच्या इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्यांचा दाखला चर्चिला आहे. ठिणगीने रुळांलगतचे पीक जळते; त्या नुकसानीचा आकडा रेल्वे कंपनीच्या हिशेबवहीत नसतो, म्हणून ठिणगी आवरण्याचा खर्च करावा असे कंपनीला वाटत नाही. आपल्याकडे ठिणगी शेतातून रस्त्यावर येते, इतकाच फरक. अपघाताचा खर्च दुचाकीस्वाराचे कुटुंब भरते, ट्रॅक्टरचालकाचे कुटुंब भरते, ससूनसारखे सरकारी रुग्णालय भरते. साखरेच्या उत्पादनखर्चात मात्र तो कोठेच दिसत नाही. आपल्या चहातील साखर तेवढ्याने स्वस्त आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये.

हंगामाच्या तोंडावर परिवहन कार्यालये आणि पोलीस कारखान्यांच्या आवारात परावर्तक पट्ट्या लावण्याच्या मोहिमा घेतात. त्या स्वागतार्ह आहेत. परंतु दोन खेपांत धूळ आणि चिपाडाने माखणारी पट्टी म्हणजे तपासणी नव्हे. रस्त्यावर ट्रॉली अडवून दंड करणे हाही मार्ग अपुराच आहे. निरीक्षक मोजके, रस्ते अनेक. अडविलेला ऊस उतरवावयाचा कोठे आणि तो वाळला तर शेतकऱ्याला भरपाई कोण देणार, या प्रश्नांपुढे अधिकारी सोडून देण्याचाच मार्ग पत्करतो. त्याचाही सर्वस्वी दोष नाही.

गंमत अशी की, तपासणीचे सर्वांत उत्तम केंद्र आधीच उभे आहे आणि तेथे प्रत्येक ट्रॉली न चुकता जाते. ते केंद्र म्हणजे कारखान्याचा वजनकाटा. कोणत्या ट्रॅक्टरने, कोणत्या दिवशी, किती वाजता, किती टन ऊस आणला याची पावती तेथे छापली जाते आणि संगणकात साठते. जादा वजनाचा पुरावा शोधण्यासाठी रस्त्यावर काळोखात उभे राहण्याची गरजच नाही. तो कारखान्याच्या दप्तरात, कारखान्याच्याच शिक्क्याने पडून आहे. कायद्याचे शब्दही येथे पुरेसे व्यापक आहेत : जादा वजनाचे वाहन चालविणाराच नव्हे, तर ते चालवावयास लावणारा किंवा चालवू देणाराही दोषी ठरतो. टनावर भाडे देणारा, जादा टनांची पावती करणारा आणि त्याचे पैसे चुकते करणारा कारखाना या शब्दांच्या बाहेर कसा राहतो, हे एकदा तपासून पाहण्यास हरकत नसावी.

कारखान्याला गाळप सुरू करण्यासाठी साखर आयुक्तांचा परवाना लागतो. १९८४ च्या राज्य आदेशाखाली तो दरवर्षी दिला जातो, त्यासाठी थकबाकीपासून अनेक बाबी पाहिल्या जातात. करारातील प्रत्येक ट्रॉलीची नोंदणी, तृतीय पक्षाचा विमा, मागील दिवे, पूरक साखळी आणि योग्यता प्रमाणपत्र यांची यादी त्या अर्जाला जोडण्याची अट घातली तर वाहतूकदाराच्या दारी निरीक्षकाला जावे लागणार नाही. ठरलेल्या मर्यादेपलीकडच्या टनांचे भाडे कारखान्याने द्यावयाचे नाही, एवढा एक नियम वजनकाट्यावर लागू झाला तर तिसरा थर रचण्याचे कारणच नाहीसे होईल. अर्थात त्याबरोबर दर टनाचे भाडे थोडे वाढवावे लागेल आणि आवारातील खोळंब्याचाही मोबदला द्यावा लागेल. अन्यथा सारा भार सर्वांत दुबळ्या माणसावर, म्हणजे चालकावर पडेल.

प्रशासनाला हे जमणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. दरवर्षी १ जानेवारीला पेरणे फाट्याच्या जयस्तंभाला अभिवादन करण्यासाठी लाखो लोक येतात. ऐन गाळप हंगामातला तो दिवस असतो. त्या दिवशी याच रस्त्यावरील वाहतूक दुसऱ्या मार्गांनी वळविली जाते, पोलीस आणि परिवहन यंत्रणा आदल्या दिवसापासून रस्त्यावर असते, आणि साखर कारखाने काही त्यामुळे बंद पडत नाहीत. उरलेल्या दिवसांसाठी इतक्या मोठ्या बंदोबस्ताची अपेक्षा कोणी करणार नाही.

खर्चाचा बाऊ मात्र केला जाईल, म्हणून तो आकडा कागदावर मांडून पाहावा. समजा, दोन ट्रॉल्यांचे दिवे, साखळ्या, परावर्तक, टायर आणि विमा यांसाठी हंगामाला चाळीस हजार रुपये लागले. एका खेपेस वीसऐवजी सोळाच टन नेले आणि हंगामात शंभर खेपा झाल्या तर ऊस सोळाशे टन होतो. टनाला पंचवीस रुपये पडतात. ३,५५० रुपयांच्या उसावर पंचवीस रुपये. कमी टनांमुळे बुडणारे भाडे यात धरलेले नाही, ते धरून हा आकडा आणखी वाढेल हे मान्य. तो कारखान्याने सोसावा, उत्पादकाच्या बिलातून जावा की साखरेच्या भावात मिळवावा, यावर मतभेद होतील आणि ते झालेही पाहिजेत. परंतु वाहतूकदारांचे करार पावसाळ्याच्या सुरुवातीला होतात आणि गाळप परवान्याचे अर्ज त्यामागोमाग जातात. हा वाद घालावयाचा असेल तर तो त्याआधी घालावा लागेल. पहिली ट्रॉली रस्त्यावर आली की, पुढच्या हंगामापर्यंत त्याचा उपयोग नाही.