खंडोबाचा कुत्रा आणि वाघाचा पिंजरा

नळदुर्गात भटक्या कुत्र्याला दगड भिरकावणारा माणूसही खंडोबाच्या तसबिरीपुढे हात जोडतो. आणि त्या तसबिरीत घोड्याच्या पायाशी कुत्रा हमखास असतो. तो देवाचा, म्हणून खपून जातो. अंध माणसाचा कुत्रा मात्र आपल्याकडे सहसा खपत नाही.

माझा एक मावसभाऊ अमेरिकेत असतो. दृष्टी गेल्यापासून त्याच्याबरोबर शिकवून तयार केलेली लॅब्राडोर कुत्री असते. परवा फोनवर म्हणाला, नातवंडांना घेऊन प्राणिसंग्रहालयात जाऊन आलो. मी विचारलं, "अरे, तुला दिसणार काय? आणि हिला आत सोडलंच कसं?"

पहिल्या प्रश्नावर तो हसला. सिंहाची डरकाळी छातीत घुमते, हत्ती वासावरून कळतो आणि उरलेलं नातवंडं भांडत भांडत सांगतात, म्हणाला. दुसऱ्याचं उत्तर जास्त कामाचं होतं. दारावरच्या माणसाने कुत्री कुठे न्यायची नाही, तेवढं समजावून दिलं. लांडग्यांच्या आणि हरणांच्या बाजूला ती सुनेजवळ बाहेर थांबली, हा नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आत गेला. बाकी सगळीकडे ती बरोबर होती.

तिच्या पाठीवरच्या पट्ट्याला एक ताठ मूठ असते, ती याच्या डाव्या हातात. कुठे वळायचं ते हा सांगतो. पायरी, खांब, खड्डा ती सांभाळते. समोरून गाडी येत असेल तर "चल" म्हटलं तरी जागची हलत नाही. एवढा शहाणपणा आमच्या बसस्टँडवरच्या रिक्षावाल्यांतही मी पाहिलेला नाही! मूठ हातात असताना तिला कोणी कुरवाळायचं नाही. ती तेव्हा कामावर असते.

अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० साली झाला. प्राणिसंग्रहालयांबाबत त्याचा अर्थ सरळ लावलेला आहे. जिथले प्राणी कुत्र्याचे नैसर्गिक शत्रू किंवा भक्ष्य आहेत आणि त्याला पाहून बिथरतील, तेवढाच भाग बंद ठेवता येतो. फाटकावरूनच परत पाठवता येत नाही.

ही बंधनं मला रास्त वाटतात. कुत्र्याची चाहूल लागली की काळवीट मान वर करून ताठ उभं राहतं, हे नान्नजच्या माळावर हिंडलेल्यांना सांगायला नको. पिंजऱ्यातल्याला तर पळायलाही जागा नाही. शिवाय रोगाची धास्ती आहे. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह दगावले. त्यातल्या काहींत कॅनाइन डिस्टेंपर सापडला, जो कुत्र्यांमध्येही पसरतो. म्हणून लसीचा दाखला जरूर मागा. पण २०२१ मध्ये आमच्याच हमरस्त्यावर पुढे, हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात, आठ सिंहांना कोरोना झाला. तो माणसाकडून गेल्याचा अंदाज होता. म्हणून फाटकावर 'माणसांना सक्त मनाई' अशी कायमची पाटी कोणी लावली नाही.

आपल्याकडे असे शिकवून तयार केलेले कुत्रे मोजकेच. त्यामुळे 'पाळीव प्राण्यांना मनाई' ही पाटी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पाळीव कुत्राच असतो आणि दारावरचा शिपाई बिचारा पाटी वाचून दाखवतो. सार्वजनिक जागा दिव्यांगांनाही वापरता याव्यात, असं २०१६ चा आपला कायदा सांगतो. फाटकावर अडलेल्या माणसाने तो शिपायाला तिथे उभ्याउभ्या शिकवायचा का?

पुण्याचं कात्रज असो की मुंबईची राणीची बाग. तिथल्या अधिकाऱ्यांना एवढीच विनंती. 'पाळीव प्राण्यांना मनाई' या ओळीखाली आणखी एक ओळ रंगवून घ्या: 'अंध व दिव्यांग व्यक्तींच्या प्रशिक्षित कुत्र्यांना प्रवेश आहे, कुठपर्यंत, ते तिकीट खिडकीवर विचारावे.' आणि खिडकीतल्या माणसाला त्याचं उत्तर आधी सांगून ठेवा.