मूर्तीच्या हातांतलें व अंगावरचें

गेल्या हिंवाळ्यांत आम्ही शाळेचीं मुलें घेऊन अजिंठ्यास गेलों होतों. पहिल्या लेण्यांत बुद्धमूर्तीच्या आसनाखालीं एक चाक व दोन हरणें कोरलेलीं आहेत. एका माळ्याच्या मुलानें विचारलें, "गुरुजी, इथें हरणें कशाला?" आम्ही तोंड उघडण्याआधींच शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "असलें विचारूं नये, नमस्कार करावा." पोर गप्प झालें. तें गप्प होणें आमच्या मनास लागलें, म्हणून हे चार शब्द.

बांधवहो, ह्या खुणांत गूढ कांहीं नाहीं. काशीजवळ सारनाथास, हरणांच्या रानांत, बुद्धानें पहिला उपदेश केला, म्हणून हरणें. तेथें त्यानें धर्माचें चाक फिरविलें, म्हणून चाक. कोठें मूर्तीचा उजवा हात जमिनीस टेकलेला असतो. बोधाच्या वेळीं त्यानें भूमीस साक्षीला बोलाविलें. साक्षीला राजा नाहीं, पुरोहित नाहीं, आपली काळी आई!

अंगावरचें चीवर पहा. मगधांतील बांधबंदिस्त भातखाचरें पाहून बुद्धानें आनंदास तशाच तुकड्यांचें चीवर शिवण्यास सांगितलें, असें विनयग्रंथांत आहे. त्याचा रंग झाडांच्या मुळ्या, साल, पानें, फुलें यांचा. भिक्षेचें पात्र मातीचें किंवा लोखंडाचें. सोन्यारुप्याचें भिक्षूस वर्ज्य. अजिंठ्याच्या भिंतींवरील रंग तरी कसले? गेरू, पिवळी माती, काजळी. त्यांखालचा गिलावा माती व भाताच्या तुसाचा. निळा दगड मात्र दूर अफगाण मुलुखांतून आला.

म्हणजे कुणब्याचें खाचर, रंगाऱ्याची कढई, कुंभाराची माती, लोहाराचें लोखंड, एवढ्यांतूनच हा अर्थ उभा आहे. तो ज्यांच्या घरचा, त्यांनींच तो विचारूं नये काय?

कोणी म्हणतील, अर्थ कळला कीं भक्ति आटते. इसाड, रुमणें, फाळ कशासाठीं हें ज्यास पुरतें ठाऊक आहे, तो कुणबी दसऱ्यास नांगराची पूजा कमी मनानें करितो काय? उलट, अर्थ न कळलेल्या मूर्तीपुढें कोणीहि उभा राहून आपल्याच पदरचा अर्थ सांगतो आणि आपण तो मुकाट्यानें घेतों.

आमचें मागणें लहान आहे. लेण्यांत, देवळांत, विहारांत मुलानें "हें कां?" म्हटलें, तर त्याचें तोंड दाबूं नका. ठाऊक असेल तें सांगा. नसेल तर "चल, दोघे मिळून शोधूं" म्हणा. त्या माळ्याच्या पोरास आम्ही परततांना गाडींत सर्व सांगितलें. त्यानें लगेच दुसरा प्रश्न विचारला. आमची सहल सार्थकीं लागली.