सातबारा म्हणा नाहीतर पहाणी, संगणकाला अर्थ कळलाच पाहिजे!



कचेरीच्या दारावरची पाटी मराठीत हवी, बसवरचा फलक मराठीत हवा, परिपत्रक मराठीत हवे, यासाठी सीमाभागातल्या आपल्या तीन पिढ्या झगडल्या. तो झगडा योग्यच होता आणि अजून संपलेला नाही. पण आपण पाटीकडे बघत उभे असताना कचेरीच उठून संगणकात जाऊन बसली. जमिनीचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, म्हातारपणाचे पेन्शन, सगळे आता ऑनलाइन! तिथे पाटी लावायला भिंत नाही. तिथे असते एक रिकामी चौकट. तीत शब्द टाकायचा. शब्द संगणकाच्या ओळखीचा नसेल तर उत्तर ठरलेले : माहिती उपलब्ध नाही.

म्हणून आता ‘मराठीत भाषांतर करा’ एवढ्या मागणीवर भागणार नाही. शब्दामागचा अर्थ सरकारी संगणकात नोंदवा, अशी मागणी आपण केली पाहिजे. ती कशासाठी, हे साध्या उदाहरणांनी सांगतो.

शेतजमीन कोणाच्या नावावर, किती, पीक कोणते आणि बोजा कोणाचा हे सांगणारा कागद घ्या. महाराष्ट्रात आणि गुजरातेत तो सातबारा. कर्नाटकात पहाणी किंवा आरटीसी. गोव्यात नमुना एक व चौदा. मध्य प्रदेशात खसरा-खतौनी. तेलंगणात पुन्हा पहाणी. आमच्या बेळगाव भागातला जुना माणूस याला नुसता ‘उतारा’ म्हणतो. कागदाचे काम एक, नावे अर्धा डझन!

वडील वारले की आपण वारस नोंद करायला जातो. कर्नाटकात तिचे नाव ‘पौती खाते’. हा पौती म्हणजे आपल्याच जुन्या दप्तरातला ‘फौत’, म्हणजे मयत. शब्द आपला सख्खा भाऊ, पण एका अक्षराने परका झाला. वारस दाखला शोधणाऱ्या विधवेला ‘हयात कुटुंबीयांचे प्रमाणपत्र’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव शोधावे लागते. चंदगडच्या नातेवाइकांकडून ‘श्रावणबाळ’ योजनेचे नाव ऐकून आलेली आजी इथे तेच नाव विचारते. इकडची म्हातारपणाची योजना ‘संध्या सुरक्षा’ आहे, हे तिला कोण सांगणार? संगणक तर नक्कीच सांगत नाही.

मी बँकेतला कारकून, शिक्षण बी.कॉम. संगणकशास्त्र शिकलेलो नाही. पण हा पेच बँकांनी केव्हाच सोडवला आहे. खातेदाराचे नाव चव्हाण लिहा नाहीतर चवाण, ओळख पटते खाते क्रमांकाने. शाखेला लोक ‘बाजारातली शाखा’ म्हणोत की ‘स्टेशनजवळची’, पैसे जातात ते अकरा अक्षरी आयएफएससी कोडवर. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कागदोपत्री बेळगावचे बेळगावी झाले, विजापूरचे विजयपुरा झाले. आधारवर जुने नाव आणि नव्या दाखल्यावर दुसरे, अशी कागदपत्रे घेऊन लोक काउंटरवर येतात. माणसाला कळते की गाव एकच आहे. अडाणी प्रणालीला ती दोन गावे वाटतात, आणि हेलपाटे खातेदाराचे होतात.

संगणकाला हे शहाणपण शिकवण्याच्या शास्त्राला सिमँटिक, म्हणजे अर्थाधारित तंत्रज्ञान म्हणतात. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी दोन सहकाऱ्यांसह २००१ साली ही कल्पना एका प्रसिद्ध लेखातून जगापुढे मांडली. तिच्या काही नियमांना जागतिक वेब संघटनेने २००४ साली मान्यता दिली, आणि शब्दसंग्रहासाठीचा ‘स्कॉस’ हा नियम २००९ साली आला. स्कॉसचे सूत्र खतावणीइतके सोपे आहे. प्रत्येक संकल्पनेला एक कायमची ओळख द्यायची, जणू खाते क्रमांक. त्या खात्यावर प्रत्येक भाषेतले एक मुख्य नाव लिहायचे आणि लोकांच्या तोंडची बाकीची नावे पर्यायी म्हणून जोडायची. मग उतारा, पहाणी, आरटीसी यांपैकी काहीही टाका, त्या जागी जो कागद लागतो तोच समोर येईल. दोन राज्यांच्या कागदांत थोडा फरक असेल तर ‘हा त्याच्या जवळचा’ असेही नोंदवता येते.

हे हवेतले इमले नाहीत. युरोपीय संघाचा ‘युरोवॉक’ नावाचा शब्दकोश याच पद्धतीचा असून तो संघाच्या सर्व २४ अधिकृत भाषांत आहे. तिथे २४ भाषा नांदतात आणि आपल्या एका जिल्ह्यात कन्नड-मराठी या दोन भाषा संगणकाला जड होतात? आपल्याकडेही पाया आहे. केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत गावागावाला कोड दिलेला आहे. गावांना क्रमांक देणाऱ्यांना सेवांची लोकांच्या तोंडची नावे नोंदवायला कोणी अडवले आहे?

आता काही शहाणे म्हणतील, २०२२ साली केंद्राने ‘भाषिणी’ आणली, यंत्रच भाषांतर करील, तुम्ही कशाला डोके शिणवता? भाषांतर अवश्य करावे. पण अर्थ नोंदवलेला नसेल तर यंत्र कशाचे भाषांतर करणार? ‘खाते’ हा एकच शब्द घ्या. बँकेत ते अकाउंट, मंत्रालयात ते विभाग, तलाठ्याकडे ते जमिनीची धारणा आणि कर्नाटकातल्या नगरपालिकेत घर-प्लॉटची नोंद. ‘उतारा’ म्हणजे दप्तराची नक्कल, घाटाची उतरण, विषावरचे औषध आणि पुस्तकातला परिच्छेदही. कोणत्या जागी कोणता अर्थ हे आधी माणसाने बांधून दिले नाही, तर मराठी अक्षरांत छापलेला घोटाळा तेवढा पदरात पडेल. तो घेऊन ‘मराठी मिळाली’ म्हणून पेढे वाटायचे काय?

दुसरे म्हणतील, आता मुले इंग्रजी शिकली आहेत. मुले पुण्याला आणि बेंगळुरूला गेली, साहेब! गावात उरले आई-वडील. ते एजंटकडे जातात, आधार आणि पासबुक त्याच्या हाती देतात आणि तो म्हणेल तिथे अंगठा टेकवतात. परक्या शब्दामुळे घरचे कागद परक्याच्या हाती जावेत, याला सुशासन म्हणायचे?

कर्नाटकाने केलेले चांगले काम नाकारायचे कारण नाही. ‘भूमी’ प्रकल्पाने २००० सालाच्या आसपास सुमारे ६७ लाख खातेदारांचे २ कोटी उतारे संगणकावर आणले आणि हस्तलिखित उताऱ्याची मनमानी मोडली. २०११ च्या ‘सकाल’ कायद्याने सेवेला मुदत घातली, उशीर झाल्यास दिवसाला २० रुपये भरपाईही ठेवली. उत्तम! पण सकालचे घड्याळ अर्ज दाखल झाल्यावर सुरू होते. ज्याला आपला अर्ज कोणत्या नावाखाली आहे हेच सापडले नाही, त्याचे घड्याळ बंदच. त्याचा उशीर कोणत्याही आकड्यात दिसत नाही.

आपली मागणी भिकेची नाही. राज्यघटनेचे कलम ३५० प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क देते. जिल्ह्यात वा तालुक्यात १५ टक्के लोक एखादी भाषा बोलत असतील, तर महत्त्वाचे नियम व सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांच्या मान्य संरक्षणांत आहे. भिंतीवरची सूचना संगणकात गेली म्हणून हक्क भिंतीवरच राहात नाही.

यात कन्नड बांधवांशी वैर नाही. ‘म्युटेशन’ त्यांच्याही आजोबांना कळत नाही. अशी अर्थसूची झाली तर कन्नड शेतकऱ्याचेही भले आहे. जत-अक्कलकोटच्या कन्नड भाषिकांसाठी महाराष्ट्रानेही हेच केले पाहिजे. न्याय मागणाऱ्याने तो द्यायलाही तयार असावे.

आता आपले काम. नुसती निवेदने देऊन फोटो काढण्याचे दिवस गेले. आपल्या प्रत्येक शाखेने महसूल, नगरपालिका, पेन्शन आणि दाखले यांतले शब्द गोळा करावेत : फेरफार, बोजा, हिस्सा, कूळ, इनाम, गावठाण, वारस. प्रत्येकापुढे कन्नड नाव, इंग्रजी नाव, सरकारी सेवेचे नाव आणि एका ओळीत अर्थ. १९५६ पूर्वी बेळगाव मुंबई राज्यात होते. त्या दप्तराची भाषा कानावर असलेले वृद्ध आज मोजके उरले आहेत. त्यांच्याकडे आधी जा. गोवा, वडोदरा, इंदूर, हैदराबाद इथल्या मंडळांनी आपापल्या राज्याचा रकाना जोडावा. मग ही सूची जिल्हाधिकाऱ्यांपुढे आणि भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांपुढे ठेवून विचारू : शब्द आम्ही दिले, आता संगणकात घालायला अडचण कसली?

सीमाप्रश्नाचा दावा २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. वारस नोंद तोवर थांबत नाही, म्हातारीचे पेन्शनही थांबून चालत नाही. सूचीचे कोरे तक्ते शाखा कार्यालयात ठेवण्याची विनंती मी कार्यकारिणीला करीत आहे. या महिन्यात प्रत्येक घराने निदान दहा शब्द आणून द्यावेत!